बॉल सुटेपर्यंत हलायचं नाही

गेल्या आठवड्यात उमापूरहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्यांचा धाकटा भाऊ बीडच्या दवाखान्यात पडून आहे. दवाखाना तोच, ज्यात मी होतो, आणि आजारही तोच. माझा नंबर तिथल्या सिस्टरनं मला विचारून दिलेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "सर, तो बोलत न्हाई, हलत न्हाई, नुस्ता बघत राहतो. आमी त्याच्यापशी बसतो, पर काय करावं कळत न्हाई. आतून कसं असतंय वो ते?"

मी फोनवर धीराचं बोललो. मास्तर माणसाला ते बसल्या जागी येतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्यांनी धीर मागितलाच नव्हता. आतून कसं असतं, एवढंच विचारलं होतं. म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितोय. बोटं अजून लवकर दमतात, त्यामुळे थोडं थोडं. आजाराची शास्त्रीय माहिती डॉक्टर सांगतील. माझ्याकडे आहे ते एका पलंगाचं, एका छताचं आणि एका नारळाचं.

नारळ

मी गेवराईच्या एका कॉलेजात खेळ शिकवतो. कबड्डी, खो-खो सगळीकडेच असतं, त्यात आमच्या पोरांचा नंबर लागत नव्हता. म्हणून मी अमेरिकन फुटबॉलची टीम काढली. विद्यापीठाच्या स्पर्धेत हा खेळ होता आणि टीम मोजक्याच यायच्या. सर्टिफिकेट मिळालं तर पोरांना भरतीला कामाला येईल, एवढाच विचार. खेळ मी मोबाईलवर बघून शिकलो आणि जसा कळला तसा शिकवला. बॉल दोन्ही टोकांना निमुळता, त्यामुळे गावानं त्याचं नाव ठेवलं नारळाचा खेळ. चौकातून जाताना कुणीतरी हमखास विचारायचं, "काय सर, आज कुठं फोडायचा नारळ?"

खांद्याला बांधायची पॅडं करीमभाईंनी शिवून दिली. ते ट्रॅक्टरच्या आणि रिक्षाच्या सीटा शिवतात. लाल रेक्झिन, आत जाड फोम. आमची टीम मैदानात उतरली की ट्रॅक्टरच्या सीटाच चालत आल्यासारख्या दिसायच्या. करीमभाईंचा मुलगा आसिफ आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागं उभा राहून हाळी देणारा आणि बॉल फेकणारा. दुसऱ्या टीमला कळू नये म्हणून आम्ही डावांना गावांची नावं दिली होती. डावीकडून घुसायचं असेल तर उमापूर, उजवीकडून असेल तर तलवाडा. लांब फेकायचा असेल तर शिरूर, कारण शिरूर कासारची माणसं ऊसतोडीला लांब जातात.

आता एक नियम सांगतो, तो कळला की पुढचं सगळं कळेल. लाईनीतली पोरं वाकून उभी असतात. मधला पोरगा दोन पायांमधून बॉल मागं देतो. तो बॉल सुटेपर्यंत आपल्या लाईनीतल्या कुणी हलायचं नाही. हललं की पंच पिवळा रुमाल टाकतो आणि अख्ख्या टीमला पाच यार्ड मागं नेतो. आमची पोरं इथंच मार खायची. त्याला कारण होतं. निम्मी पोरं लहानपणापासून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. काळ्या रानात उसाची ट्रॉली रुतली की टोळी मागून खांदा लावते, एकजण हाळी देतो आणि हाळीसरशी सगळे रेटतात. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की आसिफनं तोंड उघडायचा अवकाश, बॉल जागेवर आणि पोरं पुढं.

"आवाजावर नाही, बॉलवर," मी घसा फोडून सांगायचो. "बॉल सुटेपर्यंत हलायचं नाही."

सगळ्यात आधी हलायचा तो बिरू. तलवाड्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, अंगानं दांडगा आणि मनानं भाबडा. सरावात पंचाचा रुमाल म्हणून आम्ही त्याचाच पिवळा रुमाल वापरायचो. बापानं दिलेला, भंडाऱ्यात माखून माखून पिवळाजर्द झालेला. बिरू स्वतः हलायचा आणि स्वतःच खिशातून रुमाल काढून स्वतःच्या पायाशी टाकायचा. मी रागावलेला असलो तरी तेव्हा हसू यायचंच.

सुनंदा, माझी बायको, अंगणवाडीत आहे. माहेर शिरूर कासारचं. तिला हा खेळ कधीच आवडला नाही. सकाळी मी शिट्टी गळ्यात अडकवली की ती म्हणायची, "चालले का पोरांची डोकी फोडायला." त्यात थट्टा किती आणि राग किती, हे मी कधी तपासलं नाही.

शिट्टी

दिवाळीनंतर स्पर्धांचा हंगाम सुरू झाला होता. आठवडाभर आधी माझं पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं होतं. मग पायांना मुंग्या आल्या. चपलेत कापूस भरल्यासारखं वाटायचं. मला वाटलं, थंडी आहे. जिना चढताना गुडघा एकदा दगा देऊन गेला, तरी मी म्हटलं, वय झालं. आमच्याकडे माणूस पडेपर्यंत आजारी नसतो.

त्या सकाळी मैदानावर दव होतं. पोरं लाईनीत वाकली. मी शिट्टी तोंडाला लावली आणि फुंकली. आवाज आला नाही. पुन्हा फुंकली. ओठ मिटतच नव्हते, सगळी हवा गालाच्या कडेनं निघून जात होती. मी बोटांनी ओठ दाबून बघितले. समोर पोरं वाकलेली, नजर बॉलवर, सगळी स्तब्ध. शिट्टी नाही म्हणून बॉल सुटला नाही, आणि बॉल सुटला नाही म्हणून कुणी हललं नाही. बिरूसुद्धा नाही. त्यांच्या पाठींवरून वाफ निघत होती. माझ्या मनात आलं, वा, जमलं की यांना. तेवढ्यात माझे पाय गेले.

मी खाली बसलो असं मला वाटलं. आसिफ नंतर म्हणाला, "सर, तुमी बसला न्हाईत, तुमी वितळलात."

त्यानंतरही पोरं क्षणभर तशीच वाकून राहिली, कारण बॉल सुटला नव्हता. हे मला फार दिवसांनी कळलं आणि मी आतल्या आत खूप हसलो. तेव्हा हसू फक्त आतच येत होतं.

एका दमात

बीडच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी गुडघ्यांवर छोट्या हातोडीनं टकटक केलं. पाय गप्प. मग म्हणाल्या, "सर, एक लांब श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." मी म्हटले. दुपारी पुन्हा म्हणायला लावले. संध्याकाळी पुन्हा. प्रत्येक वेळी मोजणी आखूड होत गेली. मी रोज पोरांना जोर-बैठका मोजून घालायला लावणारा माणूस, आणि मला आकडे पुरत नव्हते.

मॅडमनी सुनंदाला आणि मला एकत्रच सांगितलं, ते बरं केलं. आजाराचं नाव जीबीएस. शरीराचं रक्षण करणारीच फौज चुकून आपल्या नसांवर तुटून पडते. पायांपासून वर चढतो. कुठं थांबेल ते आधी सांगता येत नाही. बहुतेक माणसं बरी होतात, पण आजार आपल्या चालीनं उतरतो. श्वासाचे स्नायू दमले तर मशीन लावावं लागेल.

"म्हंजे किती दिवस?" सुनंदानं विचारलं.

"काही आठवडे, काही महिने. आधी कुठंतरी काहीतरी हललं पाहिजे. तिथून पुढं सांगता येईल."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्या गळ्यातली शिट्टी काढली, पदराच्या टोकात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. मला खूप भीती वाटली. मरणाची होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटली ती असंच राहण्याची.

छत

मग मशीन लागलं, गळ्यातून नळी आली, आवाज गेला. डोळे तेवढे राहिले. डोळे डावी-उजवीकडे, वर-खाली फिरायचे, पापण्या कशाबशा मिटायच्या. बाकी मी होतो, पण माझ्याकडे मी नव्हतो.

आतून कसं असतं, म्हणून विचारलंत ना. आतून ते दुखत नाही असं नाही. चादर नुसती सरकली तरी कातडी ओरडते. पण दुखणं थोड्या वेळानं मागं जातं आणि एक वेगळंच गाव लागतं. त्या गावात वेळ नसते. ट्यूबलाईट कायम जळते. मशीन श्वास देतं, थांबतं, देतं, थांबतं, आणि तुम्ही त्या लयीवर तरंगत राहता.

छताला पांढरे चौकोन होते. बघता बघता चौकोनांच्या रेघा मैदानावरच्या चुन्याच्या रेघा व्हायच्या. माझी टीम छतावर उलटी खेळायची. लाल रेक्झिनचे खांदे, खाली लोंबणारी डोकी. मी खालून बघायचो आणि मला एकच काळजी, एखादं पोरगं सुटून माझ्या अंगावर पडलं तर मला बाजूला होता येणार नाही. ती पडायची नाहीत. बॉल मात्र कधीकधी सुटायचा आणि पिसासारखा डोलत डोलत खाली यायचा. माझ्या छातीवर टेकण्याआधी विरून जायचा.

कधी बिरूची मेंढरं वॉर्डात यायची. फरशीवर त्यांच्या खुरांचा मऊ आवाज. पलंगांच्या मधून वाट काढत, एकमेकींच्या पाठीवर माना टाकून चालायची. सिस्टर ट्रे घेऊन येता येता बाजूला थांबून त्यांना वाट द्यायच्या. एक मेंढी माझ्या पायाशी उभी राहून बराच वेळ बघायची. तिच्या अंगाची ऊब मला पायांना लागायची. आणि पायांना तर काहीच लागत नव्हतं.

दवाखान्यामागून हमरस्ता जातो. हंगामाचे दिवस, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे. गाणं लांबून यायचं, खिडकीशी मोठं व्हायचं, विरत जायचं. त्या गाण्यांवर मला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. मी एका ट्रॉलीत उताणा पडलोय, खाली उसाची मोळी, वर आभाळ. ट्रॉली काळ्या रानात रुतलेली. चाकं बुडाली आहेत. आजूबाजूला कुणी नाही, सगळी टोळी कुठंतरी जेवायला गेलीय. मी म्हणतोय, या रे, खांदा लावा. आवाज फुटत नाही. मला घाम यायचा, आणि सिस्टरला वाटायचं गरम होतंय म्हणून त्या पंखा वाढवायच्या.

उमापूर, तलवाडा, शिरूर

एका कुशीवर फार वेळ ठेवलं की हाड पेटायचं. कुणाला सांगणार? सुनंदा विचारायची, "दुखतंय का? कुठं दुखतंय?" मी नुसता डोळे फाडून बघायचो. ती रडायला लागायची, आणि तिचं रडणं बघून माझ्याही डोळ्यांतून पाणी यायचं. ते पुसायलाही तीच.

आसिफ भेटायला आला तेव्हा माझे डोळे डावीकडे फिरून फिरून दमले होते. तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "उमापूर?"

मी पापणी मिटली.

"वैनी, सरांना डाव्या अंगावर करा. उमापूर म्हणतायत."

सुनंदाला वाटलं पोराला वेड लागलं. पण त्यांनी मला डावीकडे वळवलं आणि माझा चेहरा सैल पडला, हे तिनं स्वतः पाहिलं. मग त्या पोरानं पलंगापाशी उभं राहून तिला आमचे सगळे डाव शिकवले. डावीकडे बघितलं तर उमापूर, उजवीकडे तलवाडा. वर बघितलं तर शिरूर, म्हणजे सरांना लांबचं बघायचंय, खिडकीकडे तोंड करा. ज्या खेळाचं नाव घरात काढलं की ती भांडी आपटायची, त्याचे डाव ती पाठ करायला लागली. दोन दिवसांनी ती सिस्टरना सांगताना मी ऐकलं, "आता तलवाडा करा, लई वेळ उमापूरला हायेत."

तुमच्या भावाचे डोळे हलतात का, ते बघा. हलत असतील तर घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली दोन-तीन गावं ठरवा. आणि तो झोपलाय असं समजून त्याच्याबद्दल बोलू नका. मी पुष्कळदा डोळे मिटून जागा होतो आणि नको ते ऐकलं.

करीमभाई एका दुपारी आले. माझ्या टाचा वर उचलून खालून-वरून बघितल्या, वितीनं माप घेतलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी टाचांखाली ठेवायच्या दोन गाद्या घेऊन आले. आत फोम, वर जुन्या धोतराचं मऊ कापड, मधोमध टाचेपुरता खळगा. "रेक्झिन नको, घाम येतो," एवढंच म्हणाले. त्या गाद्यांमुळे माझ्या टाचा वाचल्या. टाचा वाचल्या म्हणून आज उभा राहतोय.

एक सिस्टर होत्या, त्या अंगाला हात लावण्याआधी सांगायच्या, "सर, सकाळ झालीय, तोंड पुसते." सकाळ झालीय, हे मला दिवसभर पुरायचं. लाजेचंही सांगतो, कारण तुमच्या भावालाही ती असणार. बायको आपलं सगळं करते, आणि आपण छताकडे बघत पडतो. मला वाटायचं, हिनं हे करण्यापेक्षा मी नसलेलो बरा. तिला एकदा नंतर हे सांगितलं तर म्हणाली, "मी अंगणवाडीत रोज तेच करते. तिथली लेकरं वरडतात तरी, तुमी तेबी न्हाई."

एकदाही नाही

मधल्या काळात स्पर्धांचा हंगाम माझ्याशिवाय चालू होता. आसिफ सांगत राहायचा. एक मॅच जिंकली, एक बरोबरीत सुटली, आणि शेवटी टीम विद्यापीठाच्या फायनलला गेली. त्या दिवशी छतावर फार गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आसिफ आणि बिरू आले. पोरांची कोपरं सोललेली, बिरूच्या कपाळावर टेंगूळ. दोघं पलंगाशी उभे राहिले. माझे डोळे विचारत होते.

"हरलो सर," आसिफ म्हणाला. "थोडक्यात."

मग बिरू पुढं आला. त्याचा चेहरा असा की हरल्याचं त्याला आठवतच नसावं. "पर सर, आमी एकदा बी न्हाई हललो. पुऱ्या मॅचमदी आमच्यावर हलल्याचा एक रुमाल पडला न्हाई. त्यांनी लई वरडून बगितलं. आमी आपलं तुमचं ध्यानात ठिवलं. बॉल सुटंस्तोवर हलायचं न्हाई."

मला इतका आनंद झाला की मशीननं आवाज केला.

सुनंदा कोपऱ्यात मोसंबीची साल काढत होती. तिनं ताटली खाली ठेवली. "न हलल्याचं काय कवतिक सांगता रे?" ती हळूच म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढत गेला. "हितं कवाचं माणूस पडलंय, त्याचं डोळं सोडून कायबी हलत न्हाई. डाक्टर रोज येतात, बोट हलवा, पाय हलवा. काय हलतंय? ह्यांनी जलमभर पोरांना तेच शिकवलं, हलू नका, हलू नका. आयकलं देवानं."

पोरं मान खाली घालून निघून गेली. सुनंदा ताटलीतल्या मोसंबीकडे बघत बसली. मला तिचा राग आला नाही. तिनं बोलून दाखवलं ते मीही मनात किती वेळा म्हटलं होतं. त्यानंतर बरेच दिवस पोरं आली नाहीत.

ते दिवस सगळ्यात वाईट. डॉक्टर मॅडम रोज सकाळी येऊन म्हणायच्या, "सर, पायाचा अंगठा हलवा." मी आत सगळा जोर एकवटायचो. अंगठा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून राहायचा. मॅडम "असू दे" म्हणायच्या, आणि त्यांचं असू दे रोज थोडं बारीक होत गेलं. छतावर आता कुणी खेळत नव्हतं. मेंढरं आली नाहीत. फक्त ती ट्रॉली, आणि तिची चाकं प्रत्येक वेळी जरा जास्त खोल. शेवटी मी हाका मारणंही सोडलं. पडून राहायचो आणि आभाळ बघायचो. खरं सांगतो, ते सुखाचं वाटायला लागलं होतं.

हाळी

सुनंदाला ते कळलं. कसं, ते तिलाही सांगता येत नाही. म्हणते, "तुमी उमापूर म्हणायचं सोडलं. कुशीवर ठिवलं तर ठिवलं, न्हाई तर न्हाई. तवा मी भ्याले."

तिनं आसिफला फोन लावला. मी ऐकत होतो. "आसिफ, मी त्या दिशी बोलले ते मनात ठिवू नका. उद्या या. बिरूला घिऊन या. आन तो नारळबी आणा."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मधल्या भेटीच्या वेळेला दुपारचं ऊन माझ्या पलंगावर यायचं. आसिफच्या हातात बॉल. कुणाला काय करायचं ते कळेना. सुनंदा उठली, माझ्या पायाशी गेली, आणि त्या दोघांना असं सांगितलं, जसं घरातली मोठी बाई लग्नघरात कामं वाटून देते.

"तुमी कुठली हाळी आयकून चुकायचे?"

बिरू लाजला. "ट्रालीची, वैनी."

"मंग तीच द्या. सरांची ट्राली रुतलीय समजा."

मी तिला ते स्वप्न सांगितलेलं नव्हतं. सांगूच शकत नव्हतो. तिनं लहानपणी आईबापांबरोबर शिरूरहून जाऊन पुष्कळ रुतलेल्या ट्रॉल्या पाहिल्या होत्या, त्यामुळे तिला तेच आठवलं असणार. पण मला तेव्हा वाटलं, ही माझ्या रानात आली. बांधावरून उतरून, चिखल तुडवत.

आसिफ घुटमळला. दवाखान्यात ओरडायचं कसं? त्यानं सवयीनं बॉल पलंगाच्या कडेवर टेकवला, दोन्ही हातांनी धरला. बिरू पलंगाशेजारी वाकला, लाईनीत वाकतो तसा, माझ्या खांद्याला खांदा लावून. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास होता. सुनंदानं पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला.

आसिफ दबक्या आवाजात म्हणाला, "लावा खांदाऽऽ—"

मी आभाळाकडे बघत होतो. चाकाखाली काहीतरी सरकलं.

"—हैश्या."

बॉल अजून पलंगाच्या कडेवरच होता. आसिफची बोटं त्याच्यावर होती. आणि माझा उजवा खांदा वर आला. एक बोटभर असेल. आला, थरथरला, खाली गेला.

आसिफ बॉलकडे बघत होता, बॉल सुटलेला नव्हता. बिरूच्या खांद्याला धक्का लागला होता. तो सरळ झाला, आणि विचार न करता, सवयीनं, त्याचा हात खिशात गेला. पिवळा रुमाल भंडाऱ्याची पूड उधळत हवेत गेला आणि माझ्या छातीवर पडला.

"सर, हल्लात," तो म्हणाला. "बॉल सुटायच्या आत हल्लात." मग त्याचं त्यालाच काय झालं कळेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तो तसाच नियम सांगत राहिला. "पाच यार्ड मागं."

सुनंदा पुढं आली. "मागं कावून? आत्ता कुठं हललेत ते. न्यायचं तर फुडं न्या की."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नसा आपल्या वेळेनं जाग्या होतात, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी खांदा हललाच असता. तसंच असेल. मी वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच, हळूच, "लावा खांदा" म्हणून बघितलं, हे मात्र सांगायला हवं.

त्यानंतरचं तुम्हाला डॉक्टर सांगतील तसंच झालं, हळू, वरून खाली. खांदा, मग कोपर, मग मशीन सुटलं, मग आवाज. अंगठा सगळ्यात शेवटी. आता वॉकर घेऊन मैदानापर्यंत जातो. खुर्ची टाकून बसतो. शिट्टी अजून नीट वाजत नाही, म्हणून सुनंदा वाजवते. पोरांना नियम शिकवताना मी अजूनही तेच म्हणतो, फक्त पूर्वीसारखा घसा फोडून म्हणत नाही.

रुमाल बिरूनं परत नेला नव्हता. आमच्या घरी देवळीत होता. तुमचा फोन झाल्यावर सुनंदानं तो धुवायला काढला, मग म्हणाली, धुवायचा नको, तसाच द्यावा. बिरूला विचारलं. तो म्हणाला, द्या. दुसऱ्याच दिवशी आसिफ मोटारसायकलवर उमापूरला जाऊन तुमच्या हातात देऊन आला.

तो उशाखाली ठेवू नका, देवासारखा पुजूही नका. खिशात ठेवा. भावाच्या डोळ्यांकडे बघत बसा. त्याला सकाळ झाली की सकाळ झाली म्हणून सांगा. तुमच्या घरात जी हाळी ऐकून तो लहानपणी धावत सुटायचा, ती त्याला द्या. आणि तो चुकून, अवेळी, कुठंही जरासा हलला की रुमाल टाका.

सुनंदा रोज संध्याकाळी दिवा लावताना मला विचारते, "उमापूरचा फोन आला का?"

मी म्हणतो, अजून नाही. ती म्हणते, येईल, आणि फोन माझ्या हाताच्या अंतरावर, मला उचलता येईल असा, सरकवून ठेवते.